मोहरीचा झणका वेगळा, तेलातलं आम्ल वेगळं

मे महिन्यात माझ्या भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिला आंब्याचं सासव, म्हणजे कच्ची मोहरी आणि खोबरं वाटून केलेलं आंब्याचं कालवण, करायचं होतं. तिथे आपली गोव्याची घोटां, म्हणजे छोटे रसाळ आंबे, कुठून मिळणार, पण मेक्सिकोचे छोटे गोड आंबे मिळतात, त्यावर भागवायचं तिने ठरवलं होतं. अडचण आंब्याची नव्हतीच. "मावशी, मोहरी घ्यायला भारतीय दुकानात गेले, तर शेजारच्या फळीवर मोहरीचं तेल होतं. बाटलीवर लिहिलंय, फक्त बाहेरून लावण्यासाठी. खायचं नाही म्हणे! आणि मी सासवात चमचाभर मोहरी कच्ची वाटून घालते. काही होणार तर नाही ना गं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच काढावं. हा गोंधळ तिच्या एकटीचा नाही. म्हापशाच्या बाजारात दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोहरीचं तेल शोधावं लागायचं. आता बंगाल, बिहार, झारखंडहून आलेली माणसं गावोगावी राहतात, त्यामुळे वाड्यावरच्या दुकानातही ती पिवळी बाटली असते. पर्वरीला आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बंगाली कुटुंबाचं जेवण तर त्याच तेलात होतं. वर्तमानपत्रांत कधी 'कमी इरुसिक आम्लाचं वाण' असा मथळा येतो, कधी 'जीएम मोहरी सर्वोच्च न्यायालयात' (जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेली), कधी तेलबिया अभियानाचे कोटींचे आकडे. वाचणाऱ्याच्या मनात या सगळ्याचं खतखतं होतं. ते निवडून वेगळं करू या.

एका दाण्यात दोन कोठारं

स्वयंपाकघरातच सुरुवात करते. तीच मोहरी फोडणीत तडतडली की खमंग लागते, तिखट लागत नाही. तीच कच्ची, थोड्या पाण्यात वाटली की नाकातून थेट डोक्यात जाते. दाणा एकच, मग हा फरक कसा?

मोहरीच्या दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं साठवलेली असतात. ती स्वतः झणझणीत नसतात. त्यांच्या शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात, मायरोसिनेज नावाचं एक विकर असतं. विकर म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन. दाणा शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की विकर त्या द्रव्याला तोडतं आणि झणका तयार होतो. म्हणजे झणका मोहरीत साठवलेला नसतो, तो आपल्या पाट्या-वरवंट्यावर किंवा मिक्सरच्या भांड्यात जन्माला येतो. झाडाच्या दृष्टीने तो किड्यांविरुद्धचा बंदोबस्त आहे. किड्याने चावा घेतला की त्याच्याच तोंडात ही आग पेटते. फोडणीत मात्र गरम तेल ते विकर आधीच मारून टाकतं, मग झणका होणार कुठून? सासवासाठी मोहरी जास्त भाजून घेतली तर सासव मिळमिळीत का होतं, त्याचंही हेच कारण.

हे झालं एक कोठार. दुसरं कोठार तेलाचं. दाण्याच्या वजनाचा साधारण ३८ ते ४२ टक्के भाग तेल असतो. भाचीने बाटलीवर वाचलेली सूचना या दुसऱ्या कोठाराबद्दल आहे. झणक्याशी तिचा काही संबंध नाही. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचं सगळं सोपं होतं.

इरुसिक आम्ल म्हणजे काय?

कुठलंही खाद्यतेल मेदाम्लांचं बनलेलं असतं. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. साखळी किती लांब आहे आणि तिच्यात वाकण किती आहेत, यावर तेलाचा स्वभाव ठरतो.

म्हापशाच्या बाजारात आबोलीच्या फाती गुंफत बसलेल्या बायका आठवा. समजा एका बाईने १८ फुलांची फाती करून ठेवली. हे ओलिक आम्ल, ऑलिव्हच्या तेलात भरपूर असतं तेच. आता शेजारी बसलेली दुसरी बाई ती फाती उचलते आणि एका टोकाला दोन फुलं जोडते. झाली २०. मग आणखी दोन जोडते. झाली २२. ही २२ कार्बनची फाती म्हणजे इरुसिक आम्ल. वाण जुनं असेल तर मोहरीच्या तेलात हे आम्ल ४० ते ५० टक्के असतं, म्हणजे जवळजवळ अर्धं तेल याच एका आम्लाचं.

फाती लांबवणाऱ्या त्या दुसऱ्या बाईचं काम दाण्यात एक विकर करतं. ते विकर कसं बनवायचं याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्याला शास्त्रज्ञ 'एफएई१' म्हणतात. जनुक म्हणजे पेशीच्या कृतींच्या वहीतलं एक पान, एवढं समजलं तरी पुरे. हे पान बिघडलं की बाई कामावर येत नाही, फाती १८ फुलांचीच राहते आणि तेलात इरुसिकच्या जागी ओलिक आणि त्याच्या भाऊबंदांचं प्रमाण वाढतं. इरुसिक आम्ल 'काढून टाकलं' असं आपण म्हणतो, पण ते गाळून काढलेलं नसतं. ते मुळात तयारच झालेलं नसतं.

हृदयाची भीती कुठून आली?

उंदीर आणि डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगांतून. विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि विशेषतः १९७०च्या सुमाराला, प्रयोगशाळांतल्या उंदरांना इरुसिक आम्ल भरपूर असलेलं तेल खाऊ घातलं. त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबीचे थेंब साठलेले दिसले. हृदय हा अहोरात्र चालणारा स्नायू, आणि त्याचं मुख्य इंधन मेदाम्लंच. २२ कार्बनची लांब साखळी त्याला चटकन जाळता येत नाही, म्हणून ती तुंबते. खाणं तसंच चालू ठेवलं तरी हे थेंब पुढे कमी होत गेल्याचंही दिसलं. शिवाय उंदराचं शरीर ही साखळी जाळण्यात माणसाच्या मानाने कच्चं आहे. या दोन्ही गोष्टी बहुतेक बातम्यांत सांगितल्या जात नाहीत.

तरीही सरकारांनी खबरदारी घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. अमेरिकेत घाण्यातून काढलेल्या मोहरीच्या तेलाला खाद्यतेल म्हणून परवानगी नाही, म्हणून बाटलीवर ती ओळ येते. युरोपीय संघाने २०१९मध्ये खाद्यतेलांत इरुसिक आम्लाची मर्यादा २ टक्के केली. मोहरीच्या तेलाला ५ टक्क्यांची सवलत दिली. त्याआधी, २०१६मध्ये, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोज आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल अशी मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम.

हा आकडा आला कसा, ते बघण्यासारखं आहे. दर किलोमागे ७०० मिलिग्रॅमपर्यंत प्राण्यांच्या हृदयावर परिणाम दिसला नव्हता. माणूस वेगळा, माणसामाणसांतही फरक, म्हणून त्याला १००ने भागलं. म्हणजे ७ मिलिग्रॅम ही 'इथून पुढे आजार' अशी रेघ नाही. धबधब्याच्या कड्यापासून खूप अलीकडे बांधलेला कठडा आहे तो.

आता हिशेब करू. आपल्या गोव्यातल्या घरात भाजीच्या फोडणीला अर्धा चमचा मोहरी, म्हणजे दोनेक ग्रॅम. त्यात तेल सुमारे ०.८ ग्रॅम, आणि त्यात इरुसिक आम्ल ०.३५ ग्रॅमच्या आसपास. चौघांत वाटलं तर माणशी ९० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाची मर्यादा ४२० मिलिग्रॅम. सासवातली चमचाभर मोहरीही पाच जणांत वाटली की माणशी १४० मिलिग्रॅमच्या आसपासच येते. भाचीला मी हेच सांगितलं: तू सासव कर, निर्धास्त कर.

मग खालच्या मजल्यावरच्यांचं काय?

तिथे हिशेब बदलतो. रोज २५ ग्रॅम तेल पोटात जात असेल तर इरुसिक आम्ल ११ ग्रॅमच्या पुढे. ६० किलोच्या माणसाला हे युरोपच्या मर्यादेच्या पंचवीसपटींहून जास्त होतं. पण ज्या पातळीला प्राण्यांवर परिणाम दिसला नाही, तिच्या हे सुमारे पाव आहे. मुलांचं गणित जास्त नाजूक. १५ किलोच्या मुलाच्या पोटात रोज १० ग्रॅम तेल गेलं तर दर किलोमागे ३०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे त्या पातळीच्या अर्ध्याच्या जवळ. माझ्या मते या सगळ्या वादात लहान मुलांचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे.

"पण बंगालात पिढ्यान् पिढ्या हेच खातात की!" हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांतल्या हृदयरुग्णांचा एक अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वयंपाकाला मोहरीचं तेल वापरणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सूर्यफुलाचं तेल वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसला. असं का, याचा एक तर्क असा, की मोहरीच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल बऱ्यापैकी असतं, आणि संपृक्त चरबी अगदी कमी, ७ टक्क्यांच्या आसपास. आपल्या खोबरेलात ती ९० टक्क्यांच्या घरात असते. हे वाचून कोणी मोहरीच्या तेलाकडे बोट दाखवून खोबरेलाची बाटली निर्धास्तपणे उचलू नये, म्हणून सांगितलं.

माणसांच्या हृदयावर इरुसिक आम्लाने तशीच चरबी साठते, हे सिद्ध झालेलं नाही. पण कोट्यवधी माणसं एखादी गोष्ट रोज खातात, तिच्याविषयी प्राण्यांतून शंका पुढे येते, आणि ती शंका काढून टाकून बाकीचे गुण तसेच ठेवणारं वाण बनवता येतं. मग ते का बनवू नये? मोहरी पैदास करणाऱ्या शास्त्रज्ञांची भूमिका हीच आहे आणि मला ती पटते.

इथे आणखी एक गोष्ट बाजूला काढायला हवी. १९९८च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलामुळे अंगावर सूज येऊन साठाहून अधिक माणसं दगावली. ते आठवून अजून लोक घाबरतात. तो दोष इरुसिक आम्लाचा नव्हता. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली होती. ते सरळसरळ विष, आणि तो सरळसरळ गुन्हा.

इरुसिक आम्ल बंद करायचं कसं?

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग.

पहिला धडा कॅनडाने दिला. मोहरीची चुलत बहीण रेपसीड. दुसऱ्या महायुद्धात तिचं तेल जहाजांच्या इंजिनांना वंगण म्हणून लागायचं, कारण ओल्या लोखंडाला ते घट्ट चिकटून राहतं. युद्ध संपल्यावर ते माणसांना खाण्याजोगं करायची धडपड सुरू झाली. सॅस्कटूनचे कीथ डाउनी आणि मॅनिटोबाचे बाल्डर स्टेफान्सन ही त्यातली दोन मोठी नावं. १९७४मध्ये स्टेफान्सन यांचं 'टॉवर' वाण आलं. त्याच्यात इरुसिक आम्लही कमी होतं आणि ग्लुकोसिनोलेटही. अशा तेलाला पुढे 'कॅनोला' नाव मिळालं.

पण आपली मोहरी म्हणजे रेपसीड नव्हे. आपली मोहरी ही दोन जातींच्या प्राचीन संकरातून झालेली आहे, एक सरसूच्या कुळातली आणि दुसरी काळी मोहरी. दोघींचे जनुकसंच तिच्यात पुरेपूर आले. म्हणून फाती लांबवणाऱ्या बायकाही तिच्यात दोन आहेत, दोन्ही आजोळच्या. एकीला सुट्टी दिली तर दुसरी काम चालू ठेवते. इरुसिक शून्यावर आणायचं तर दोघीही गैरहजर हव्यात, आणि प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येत असल्याने एकूण चार पानं बिघडलेली हवीत.

अशी मोहरी निसर्गात सापडेल का? सापडली. १९८१मध्ये ऑस्ट्रेलियात कर्क आणि ओराम या संशोधकांनी 'झेम १' आणि 'झेम २' या जवळजवळ इरुसिक नसलेल्या मोहरीच्या ओळी जगापुढे आणल्या. पण भारतात नेऊन पेरल्या आणि झालं, असं होत नाही. परदेशी झाडाला आपली थंडी, आपला मावा, आपला पांढरा तांबेरा, राजस्थानातलं कमी पाणी यांची सवय नसते. म्हणून ते आपल्या वाणाशी संकरित करायचं.

संकराच्या दुसऱ्या पिढीत सोळांतला सरासरी एकच दाणा चारही पानं बिघडलेला निघतो. तो ओळखायचा कसा? मोहरीचे हजार दाणे मिळून चार-पाच ग्रॅम भरतात, आणि बाहेरून सगळे सारखेच. तेल काढून तपासावं तर दाणा संपला, मग पेरायचं काय?

डाउनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३मध्ये यावर जी युक्ती सांगितली, ती वाचून मी थक्क झाले होते. दाणा भिजवायचा. आत दोन दळं असतात. बाहेरचं दळ अलगद काढून घ्यायचं आणि कोंब असलेला उरलेला अर्धा दाणा पेरायचा. काढलेल्या दळातलं तेल एक मिलिग्रॅमही भरत नाही, पण गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राला तेवढं पुरतं. कुठलं मेदाम्ल किती, ते यंत्र वेगवेगळं करून सांगतं. अर्ध्या दाण्याने परीक्षा द्यायची आणि अर्ध्याने रोप व्हायचं. अशी हजारो दाण्यांची शस्त्रक्रिया माणसांनी चिमट्याने, टेबलाशी बसून केली आहे. आता डीएनएतल्या खुणा पाहूनही ओळखता येतं, पण पाया त्या अर्ध्या दाण्याने घातला.

पुढचं काम जास्त चिकाटीचं. खाडीकाठच्या खाजन शेतात पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीवर जाळं लावलं की हव्या त्या माशाबरोबर शेवाळ, काटक्या, नको ते सगळंच येतं. संकरातही तसंच. हवी ती चार पानं येताना परदेशी झाडाचा बारीक दाणा, कमी उतारा, उशिरा पिकण्याची खोडही घेऊन येतात. म्हणून दर पिढीत निवडलेल्या रोपाचा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर करायचा. परदेशी अंश निम्मा, पाव, आठवा हिस्सा असा उतरत जातो, आणि दर पायरीवर ती चार पानं हरवली नाहीत ना, हे तपासत राहायचं. मोहरीचा हंगाम वर्षातून एकदा. दहा-बारा वर्षं सहज जातात.

भारतीय कृषी संशोधन संस्थेने म्हणजे दिल्लीच्या 'पुसा'ने २००४मध्ये 'पुसा करिश्मा' हे कमी इरुसिक आम्लाचं मोहरीचं वाण दिलं. पुढे पुसा मस्टर्ड २१, २२, २४, २९, ३०, ३२ अशी मालिका आली. या वाणांच्या तेलात इरुसिक आम्ल २ टक्क्यांहून कमी असतं, आणि ओलिक आम्ल ४० टक्क्यांच्या आसपास जातं. ओमेगा-३ टिकून राहतं.

म्हणजे हे जीएमच ना?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ज्या जीएम मोहरीवर न्यायालयात वाद चालू आहे, ती 'धारा मस्टर्ड हायब्रिड ११', दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने केलेली. तिच्यात जिवाणूची जनुकं घातलेली आहेत, आणि ती संकरित बियाणं तयार करणं सोपं व्हावं म्हणून. २३ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तिच्याबद्दल वेगवेगळे निकाल दिले. तिच्याविषयी बाजूने किंवा विरुद्ध जे मत असेल ते असो, इरुसिक आम्ल कमी करण्याशी तिचा संबंध नाही.

पुसाची कमी इरुसिकची वाणं शेतकरी शतकानुशतकं करत आला त्याच पद्धतीने झाली आहेत: संकर आणि निवड. आपल्या एल्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खारट खाजनात टिकणाऱ्या कोरगुट भातातून निवड करत 'गोवा धान' वाणं काढली, त्याच जातकुळीचं हे काम. कॅनोलाबद्दलही हेच लक्षात ठेवावं. कॅनडातला बराचसा कॅनोला आज जीएम आहे, पण तो गुण तणनाशक सोसण्याचा, आणि तो १९९०च्या दशकात आला. इरुसिक कमी झालं होतं त्याच्या वीस वर्षं आधी.

इतकी वाणं आहेत, तर दुकानात तेल का दिसत नाही?

याचं उत्तर आंब्याच्या उदाहरणाने देते. तुमच्या परसातल्या मानकुरादाच्या मोहरावर शेजारच्या रायवळ आंब्याचे परागकण पडले, तरी फळ मानकुरादच लागतं. कारण आपण खातो तो गर आईच्या झाडाचा असतो. बापाचा हात फक्त कोयीच्या आत. म्हणून तर ती कोय पेरली तर मानकुराद येईलच असं नाही, आणि आपण कलमं बांधतो.

मोहरीत आपण गर खात नाही, कोयच पिळतो. तेल दाण्यातल्या गर्भाचंच असतं, म्हणजे त्यात बापाचाही वाटा. शेतकऱ्याने कमी इरुसिकचं बियाणं पेरलं आणि शेजारच्या शेतातल्या जुन्या वाणाचे पराग मधमाश्यांनी आणून टाकले, तर त्याच वर्षी, त्याच शेंगेत काही दाण्यांत इरुसिक परत येतं. मोहरी बहुतेक करून स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाश्यांचा हिस्सा सोडून देण्याइतका लहान नाही. गेल्या हंगामात सांडलेले दाणे जमिनीत राहून आपोआप उगवतात, ती भर वेगळीच. २ टक्क्यांची मर्यादा पाळायची तर गावच्या गावाने एकच वाण पेरावं लागतं.

ते जमलं तरी पुढे बाजार समिती आहे. आपल्या गोव्यात मोहरीची व्यापारी शेती नाही. देशातल्या मोहरीचा सर्वांत मोठा वाटा राजस्थानचा. तिथे माल आला की तेलाचा उतारा आणि ओलावा पाहून भाव ठरतो. इरुसिक किती, हे डोळ्यांनी दिसत नाही आणि विचारलंही जात नाही. शेतकऱ्याने जपून पिकवलेली पोती शेजाऱ्याच्या ढिगात ओतली जातात आणि वीस वर्षांचं संशोधन तिथे पाच मिनिटांत मिसळून जातं. हमीभाव दोन्हींना एकच. मग शेतकऱ्याने हा व्याप का करावा? सुरुवातीच्या वाणांचा उतारा जुन्या वाणांपेक्षा कमी भरायचा, ती अडचण होतीच. नव्या वाणांनी ती बरीच भरून काढली, पण जास्तीच्या काळजीला जास्तीचा दाम मिळत नाही, हा अन्याय उरला आहे आणि तो मला फार लागतो.

आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. उत्पादन वाढवण्यावर त्यात भर आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला थोडा पैसा वेगळ्या गोदामांवर आणि खरेदी केंद्रांत दाणा तपासण्याच्या यंत्रांवर जायला हवा. माल वेगळा राहिला तरच वेगळी बाटली भरता येईल. कमी इरुसिक आम्लाचं रेपसीड तेल म्हणजे २ टक्क्यांपर्यंत, अशी व्याख्या आपल्या अन्न नियमांत आहेच. नाव तयार आहे, माल पोचत नाही.

दुसरं शून्य, आणि सासवाची काळजी

आता परत पहिल्या कोठाराकडे. इरुसिकबरोबर ग्लुकोसिनोलेटही कमी केलेल्या वाणांना 'डबल झीरो' म्हणतात. पुसाची ३१ आणि ३३ क्रमांकाची डबल झीरो वाणं, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचं 'आरएलसी ३', ही त्यातली.

झणका कशाला कमी करायचा? पेंडीसाठी. तेल काढल्यावर उरलेली पेंड प्रथिनांनी भरलेली असते. गाई-म्हशींना ती काही प्रमाणात पचते, पण कोंबड्यांना आणि डुकरांना ग्लुकोसिनोलेटचा त्रास होतो, थायरॉइड ग्रंथी बिघडतात, जनावर वाढत नाही. ग्लुकोसिनोलेट दर ग्रॅमला ३० मायक्रोमोलखाली आणलं की पेंड त्यांनाही चालते, आणि पेंडीला भाव आला की तेल काढणाऱ्यालाही परवडतं.

पण इथे दोन खरे आक्षेप आहेत. पहिला चवीचा. कच्च्या घाणीच्या तेलाचा झणका ग्लुकोसिनोलेटपासूनच येतो. डबल झीरोच्या तेलात तो जवळजवळ नसतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकी त्या तेलात हिल्सा करणार नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते. मात्र फक्त इरुसिक कमी केलेल्या वाणांत, म्हणजे ३० किंवा ३२ क्रमांकांच्या मोहरीत, झणका शाबूत असतो. कोठारं वेगळी आहेत ना, एक रिकामं केलं तरी दुसरं भरलेलं राहतं. ज्यांना मोहरीच्या तेलाची चव हवी त्यांच्यासाठी एकच शून्य पुरेसं आहे, आणि घरोघरच्या स्वयंपाकासाठी आपण आधी याच वाणांचा आग्रह धरावा असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप झाडाच्या बाजूने. ग्लुकोसिनोलेट हा किड्यांविरुद्धचा बंदोबस्त. तो काढला तर मावा आणि बुरशी सुखावणार. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२३मध्ये यावर एक सुंदर तोड दाखवली. ग्लुकोसिनोलेट बनतं पानांत आणि शेंगांच्या सालीत, आणि तिथून दाण्यात वाहून नेलं जातं. त्यांनी जनुक-संपादनाने, म्हणजे वहीतली ठरावीक पानंच नेमकी बदलून, ते वाहून नेणारे हमालच कमी केले. दाण्यात झणका कमी, पानांत आणि शेंगेच्या सालीत भरपूर. शेत राखलेलं आणि पेंडही गोड.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, "इथल्या दुकानात ही डबल झीरो मोहरी मसाल्याची म्हणून देतील का? मग माझं सासव लागणार कसं?" तसं व्हायची भीती नाही. कॅनडातलं सॅस्कॅचेवान कॅनोलासाठी प्रसिद्ध, पण जगभर जाणारी मसाल्याची झणझणीत मोहरीही त्याच प्रांतात पिकते. कॅनोला तेलासाठी, मोहरी चवीसाठी. दोन्हींचे भाव वेगळे, कोठ्या वेगळ्या. तिने घेतलेली मोहरी कदाचित तिथलीच असेल. मी तिला म्हटलं, दाणे भाजू नकोस, कोमट नाही तर गार पाण्याच्या हबक्यावर वाट, आणि लगेच खोबऱ्यात घालू नकोस. दहा मिनिटं झाकून ठेव, विकराला काम करायला तेवढा वेळ लागतो. झाकण काढल्यावर डोळ्यांत पाणी आलं की मग वाटणात घाल.